दप्तरांच्या छायाप्रती आणि वारंवार सुटणारी हार्डडिस्क

१. प्रस्ताव

जुनीं दप्तरें, पोथ्या, सनदा व महजर यांचा संग्रह करणाऱ्या मंडळींच्या कामाची रीत गेल्या पंचवीस वर्षांत पुष्कळच पालटली आहे. पूर्वीं खेड्यांतील एखाद्या घरीं रुमाल सांपडला म्हणजे मालकाची मनधरणी करून तो आणावयाचा, नाहीं तर त्याच्याच ओटीवर बसून हातानें नक्कल करावयाची, असे दोनच मार्ग असत. आतां मालक कागद घराबाहेर जाऊं देत नसला तरी त्याच्या समक्ष एकेका बंदाचें छायाचित्र घेतां येतें व सबंध दप्तर दोन दिवसांत पिशवींत घालून आणतां येतें. ही सोय मोठी खरी. परंतु तिच्या पाठोपाठ एक नवी चिंताही आली आहे. हातची नक्कल ओल व वाळवी यांपासून राखली म्हणजे पुरे असे. ही नवी नक्कल ज्या यंत्रांत राहते तें यंत्र चालतां चालतां एकाएकीं संगणकास ओळख देईनासें होतें.

डेस्कटॉप संगणकास जोडलेली बाह्य हार्डडिस्क मध्येंच सुटते, पुन्हा लागते, पुन्हा सुटते, ही तक्रार आमच्या परिचयाच्या बहुतेक संग्राहकांनीं केव्हांना केव्हां केलेली आहे. त्यावर सामान्यतः दोन उपाय होतात. केबल काढून पुन्हा खोंचणें हा पहिला. तेवढ्यानें न भागल्यास कोणाच्या तरी सांगण्यावरून डिस्क फॉर्मॅट करणें हा दुसरा. पहिल्या उपायानें रोग झांकला जातो व दुसऱ्यानें रोगी दगावतो. या व्याधीचीं कारणें कोणतीं, तीं कोणत्या क्रमानें शोधावीं, आणि शोध करण्यापूर्वीं काय करावें, एवढ्याच गोष्टींचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

२. यवत येथील हकीकत

या विषयाकडे आमचें लक्ष वेधलें तें यवत येथील एका प्रसंगानें. यवत हा पुणें जिल्ह्याच्या दौंड तालुक्यांतील गांव पुणें-सोलापूर रस्त्यावर असून पुणें-दौंड लोहमार्गावर त्याचें स्टेशन आहे. देहूहून पंढरपुरास जाणारी तुकोबारायांची पालखी लोणी काळभोरनंतर येथें मुक्कामास असते. गांवाच्या दक्षिणेकडील डोंगरावर भुलेश्वराचें प्राचीन देवालय व त्याभोंवतीं मुरार जगदेवानें बांधविलेल्या दौलतमंगळ किल्ल्याचे अवशेष आहेत, हें वाचकांस ठाऊक आहेच. यवतच्या शिवारांत मळ्यांत राहणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांनीं आसपासच्या खेड्यांतील घरोघरचे कागद पाहण्याचा व त्यांचीं छायाचित्रें घेण्याचा उद्योग कित्येक वर्षें चालविला आहे.

त्यांना भीमेकांठच्या एका गांवीं जुन्या कुळकर्णी घराण्याचे चार रुमाल पाहावयास मिळाले. त्यांत वतनाच्या तंट्याचे कागद, जमाखर्चाचे बंद व दोन महजर होते. मालकानें कागद नेऊं दिले नाहींत. छायाचित्रें घेऊं दिलीं. स्नेह्यांनीं तीं घरीं येऊन कॅमेऱ्याच्या कार्डांतून मोठ्या हार्डडिस्कवर हलविलीं व दुसऱ्या दिवशींच्या कामाकरितां कार्ड पुसून टाकलें. हलविण्याचें काम चालूं असतां डिस्क तीन वेळां सुटली. प्रत्येक वेळीं केबल पुन्हा खोंचून काम पुढें चालविण्यांत आलें. फोल्डरांत नांवें सर्व दिसत होतीं. तेव्हां काम पुरें झालें असें त्यांनीं धरलें.

पुढें डिस्क दिवसांतून पांच-सहा वेळां सुटूं लागली. एका दुकानदारानें ती पाहून “डिस्क गेली, फॉर्मॅट करून पाहूं,” असा सल्ला दिला. स्नेह्यांनीं तो त्याच दिवशीं अमलांत आणला नाहीं, हें त्यांचें व आपलें सुदैव. आम्ही यवतेस गेलों तेव्हां टेबलावर दोन डिस्का होत्या, एक मोठी व एक लहान, आणि दोन्ही सुटत होत्या. त्यांचीं कारणें मात्र निरनिराळीं निघालीं. तो तपास पुढें योग्य स्थळीं दिला आहे.

३. डिस्क व संगणक यांमधील वाट

हार्डडिस्क हें यंत्र नवें नाहीं. पहिली हार्डडिस्क १९५६ सालीं बाहेर आली व तिच्या चक्त्या दोन-दोन फूट व्यासाच्या होत्या. आजची चक्ती तळहाताएवढी असली तरी मूळ कल्पना तीच आहे: चुंबकीय लेप दिलेली चक्ती वेगानें फिरते व तिच्यावरून अत्यंत अल्प अंतर राखून एक सूक्ष्म लेखणी अक्षरें लिहिते व वाचते. हें अंतर इतकें थोडें असतें कीं धुळीचा कण देखील तेथें मावत नाहीं. म्हणून डिस्क घरीं उघडून पाहण्याचा मोह कोणीही धरूं नये.

बाह्य डिस्क म्हणजे हीच चक्ती एका डबींत बसविलेली असते. तिच्या व संगणकाच्या दरम्यान चार ठाणीं आहेत. पहिलें विजेचें. दुसरें संगणकावरील यूएसबी पोर्टाचें. तिसरें केबलचें. चौथें डबींतील लहानशा विद्युत्पट्टीचें. चक्तीची भाषा एक व यूएसबीची भाषा दुसरी असल्यामुळें ही पट्टी दुभाष्याचें काम करते. या चार ठाण्यांपलीकडे प्रत्यक्ष चक्ती. पूर्वीं सरदाराचें पत्र पुण्यास पोंचलें नाहीं म्हणजे तें लिहिलेंच गेलें नाहीं असा निष्कर्ष कोणी काढीत नसे. जासूद कोठें अडला, कोणत्या चौकीवर थांबला, याचा आधीं तपास होई. येथेंही न्याय तोच. डिस्क सुटली याचा अर्थ डिस्क बिघडली असा होत नाहीं. वाटेवरील कोणत्याही ठाण्यावर खंड पडला तरी संगणकास तें सारखेंच दिसतें.

४. आधीं प्रत, मग परीक्षा

तपासास हात घालण्यापूर्वीं एक नियम सांगणें अवश्य आहे. ज्या पोथीचीं पानें तुटत आहेत तिची बांधणी आधीं करीत नाहींत. आधीं नक्कल करून घेतात. डिस्क जोंवर अधूनमधून लागत आहे तोंवर तिच्यावरील जें दुसरीकडे कोठेंच नाहीं तें प्रथम दुसऱ्या डिस्कवर घ्यावें. या वेळीं क्रम मोलाचा लावावा, सोयीचा नव्हे. ज्यांचे मूळ कागद हातीं नाहींत तीं छायाचित्रें पहिलीं. ज्यांचे मूळ आपल्याच कपाटांत आहेत तीं नंतर. छापील पुस्तकांच्या प्रती सर्वांत शेवटीं.

सगळें एकदम उचलूं नये. एकेक फोल्डर घ्यावें. फाईली हलवूं नयेत, नक्कलच करावी. विंडोजमध्यें असलेला रोबोकॉपी हा हुकूम किंवा लिनक्समधील आरसिंक यांनीं नक्कल केली असतां मध्यें खंड पडला तरी तोच हुकूम पुन्हा देतांच पुऱ्या झालेल्या फाईली सोडून काम पुढें चालतें. हा गुण येथें फार उपयोगी पडतो.

जी गोष्ट करूं नये तीही येथेंच सांगतों. डिस्क लागल्यावर संगणक पुष्कळदां “वापरण्यापूर्वीं ही डिस्क फॉर्मॅट करावयाची काय?” असें विचारतो. उत्तर सदैव नकाराचें द्यावें. अनुक्रमणिकेचें पान फाटलें म्हणून ग्रंथ जाळून टाकावा काय, असें विचारण्यासारखें तें आहे. तसेंच चेकडिस्क नांवाची दुरुस्तीही नक्कल होईपर्यंत चालवूं नये. ती फाईलींची मांडणी नीट करते. फाईलींतील मजकूर वांचविणें हें तिचें काम नव्हे. मांडणी नीट करतांना अर्धवट फाईलींचे तुकडे ती निराळ्या फोल्डरांत टाकते, आणि चक्ती खरोखर दुर्बळ झाली असेल तर ह्या ताणानें ती कायमची निजते.

५. तपासाचा क्रम

तपास बाहेरून आंत करावा, आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. केबल, पोर्ट व संगणकाची व्यवस्था हीं तीन्ही एकदम बदललीं व डिस्क चालूं लागली तर कोणत्या बदलानें गुण आला हें कधींच कळत नाहीं आणि व्याधि परत आली म्हणजे पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे एक वही करावी. डिस्क किती वाजतां सुटली, त्या वेळीं काय चाललें होतें, कोणता पोर्ट, कोणती केबल, एवढें प्रत्येक वेळीं लिहावें. तारीख-वार नसलेल्या कागदाचा उलगडा करण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें त्यांस या वहीचें महत्त्व सांगावयास नको.

(अ) वीज. बाह्य डिस्का दोन प्रकारच्या असतात. अडीच इंची लहान डिस्क आपली वीज यूएसबी केबलमधूनच घेते. साडेतीन इंची मोठ्या डिस्केस १२ व्होल्टांचा स्वतंत्र अडॅप्टर लागतो. दोहोंची चिकित्सा निराळी आहे.

लहान डिस्कची अडचण अपुऱ्या विजेची असते. यूएसबी २.० या जुन्या प्रकारच्या पोर्टानें ५ व्होल्टांवर ५०० मिलिअँपिअर प्रवाह द्यावा, ३.० या प्रकारानें ९०० द्यावा, असा ठराव आहे. चक्ती प्रथम फिरूं लागते त्या क्षणीं तिला नेहमींपेक्षां बराच अधिक प्रवाह लागतो. तो न मिळाल्यास ती किंचित् फिरते, टक् असा आवाज होतो, थांबते व पुन्हा प्रयत्न करते. एका पोर्टाचे चार करणाऱ्या साध्या हबवर डिस्क, छपाईयंत्र व मोबाईल एकत्र लावले म्हणजे हेंच घडतें. अशा वेळीं डिस्क थेट संगणकास लावावी. हब हवाच असेल तर ज्यास स्वतःचा अडॅप्टर आहे असा घ्यावा.

मोठ्या डिस्कची गोष्ट यवतेस कळली. स्नेह्यांनीं आमच्या सांगण्यावरून बारा दिवस वही ठेविली. तींत मोठ्या डिस्कच्या सुटण्याच्या वेळा पाहिल्या तेव्हां बहुतेक नोंदी ठराविक सुमारास आलेल्या आढळल्या. आणि त्या वेळा म्हणजे आसपासच्या विहिरींवरील मोटारी सुरू होण्याच्या होत्या. ऊंसाच्या पट्ट्यांत शेतीपंपांस तीन फेजचा पुरवठा पाळीनें मिळतो व तो येतांच अनेक मोटारी एकदम चालूं होतात. मोटार सुरू होतांना नेहमींच्या पांच-सात पट प्रवाह ओढते, आणि मळ्यांतील घरांचे दिवे क्षणभर मंद होतात. संगणकास त्याची झळ लागत नव्हती, कारण तो यूपीएसवर होता. डिस्कचा अडॅप्टर मात्र भिंतींतील साध्या बटनावर! दिव्यांबरोबर डिस्कही क्षणभर मंदावे आणि संगणक तिला गेली म्हणून समजे. अडॅप्टर यूपीएसवर लावल्यापासून त्या कारणानें ती डिस्क सुटलेली नाहीं. दुकानदारानें जी डिस्क फॉर्मॅटास काढली होती तिच्यांत दोष नव्हताच. वहींतील वेळांवांचून हें कारण कोणासही सुचलें नसतें.

अडॅप्टर स्वतःही जुना होऊन दुबळा होतो. तसेंच एका डिस्कचा अडॅप्टर दुसरीस लावतांना व्होल्ट, अँपिअर व टोंकाची धन-ऋण बाजू हीं तीन्ही जुळतात कीं नाहीं हें अडॅप्टरावर छापलेलें वाचून घ्यावें. टोंक छिद्रांत बसतें एवढ्यानें अडॅप्टर चालतो असें समजूं नये.

(आ) केबल व पोर्ट. ज्या अंगाची झीज सर्वांत अधिक होते तें केबल होय, आणि संशय सर्वांत शेवटीं जातो तोही तिच्यावरच. बाहेरून अखंड दिसणारी केबल आंत तुटलेली असूं शकते. यूएसबी ३.० च्या पुष्कळ डिस्कांवर जोडदांड्यांचें रुंद, चपटें टोंक असतें. तें थोडें हलतें व पुढें सैल पडतें. परीक्षा सोपी आहे. नक्कल संपल्यावर, डिस्कवर कांहीं लिहिलें जात नसतां, केबलचें टोंक अलगद हलवावें. डिस्क सुटली तर दोष सांपडला. केबल आंखूड व जाड घ्यावी. मोबाईल भारण्याच्या कित्येक केबलींत मजकूर वाहणाऱ्या तारा नसतातच. त्यांनीं डिस्क दिसतच नाहीं.

पोर्टांविषयीं डेस्कटॉपचा एक विशेष आहे. मागील पोर्ट मुख्य पटावरच बसविलेले असतात. पुढील पोर्ट हे सोयीकरितां पेटीच्या दर्शनी बाजूस असून आंतून एका तारेनें मुख्य पटास जोडलेले असतात. ती तार पुष्कळदां हलक्या प्रतीची असते. यवतची लहान डिस्क पुढच्या पोर्टांत सुटे व मागच्यांत सुटत नसे. पुढच्या पोर्टांतही केबल बदलतांच सुटण्याचें प्रमाण उतरलें, पण थांबलें नाहीं. म्हणजे तेथें दोन दोष एकावर एक बसले होते. पोर्टांत धूळ बसली असल्यास संगणक बंद करून कोरड्या मऊ ब्रशानें झाडावी. पाणी किंवा तेल घालूं नये.

(इ) संगणकाची व्यवस्था. डिस्क कामांत असतां सुटत नाहीं, पण पंधरा-वीस मिनिटें रिकामी राहिली कीं नाहींशी होते, असें वहींत दिसलें तर दोष यंत्राचा नसून काटकसरीचा आहे. वीज वांचविण्याकरितां संगणक रिकाम्या यूएसबी पोर्टांस निजवितो. कित्येक डिस्का त्या निद्रेंतून नीट जाग्या होत नाहींत. विंडोजमध्यें कंट्रोल पॅनेलांतील पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत भागांत यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड नांवाची व्यवस्था आहे; ती बंद करावी. तसेंच डिव्हाइस मॅनेजरमध्यें प्रत्येक यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंट या पानावर, वीज वांचविण्यासाठीं हें उपकरण बंद करण्याची मुभा देणारी खूण असते, ती काढावी. डेस्कटॉप भिंतीच्या विजेवर चालतो, बॅटरीवर नव्हे. म्हणून यांत तोटा कांहींच नाहीं.

(ई) दुभाषी पट्टी. वीज, केबल, पोर्ट व व्यवस्था हीं चारही निर्दोष ठरलीं आणि दुसऱ्या संगणकावरही डिस्क तशीच सुटली तर दोष डबींत आहे. मोठ्या डिस्कच्या बाबतींत डबींतील पट्टी तापून बिघडणें हें पुष्कळदां घडतें. जाणत्या माणसाकडून चक्ती डबीबाहेर काढवून डेस्कटॉपच्या आंत थेट जोडली असतां ती सरळ चालते असाही अनुभव आहे. यांत डबी उघडावयाची, चक्तीचें सीलबंद कवच नव्हे, हा भेद विसरूं नये. तथापि यास दोन अपवाद आहेत. कांहीं डिस्कांत ही पट्टीच मजकुराचें सांकेतिक लिपींत रूपांतर करते. तिच्यावांचून चक्ती वाचतां येत नाहीं. कांहीं लहान डिस्कांत यूएसबीचें छिद्र चक्तीच्या पटावरच डाखलेलें असतें व निराळी पट्टी नसतेच. सांकेतिक लिपीचा कागद हातीं आला व किल्ली हरवली म्हणजे काय होतें, हें संग्राहकांस सांगावयास नको. म्हणून जुनी पट्टी टाकून देऊं नये.

६. साक्षी

वाटेचा दोष व चक्तीचा दोष यांचा निवाडा करावयास दोन लेखी साक्षी मिळतात. पाठचिकित्सा करणारा जसा लेखकप्रमाद व कसरीनें खाल्लेलें अक्षर यांत भेद करतो तसाच हा भेद आहे.

पहिली साक्ष डिस्क स्वतः ठेविते. तिला स्मार्ट म्हणतात व क्रिस्टलडिस्कइन्फो यासारख्या विनामूल्य साधनानें ती वाचतां येते. तींतील तीन आंकडे आपल्या कामाचे आहेत. निकामी होऊन बदललेले विभाग ०५ या क्रमांकाखालीं दिसतात. वाचतां न आल्यामुळें संशयांत ठेविलेले विभाग सी५ या क्रमांकाखालीं असतात. मजकूर पट्टीपर्यंत पोंचतांना झालेल्या चुका सी७ या क्रमांकाखालीं मोजलेल्या असतात. पहिले दोन आंकडे शून्य असावेत. ते वाढत असतील तर कसर चक्तीलाच लागली आहे. तिसरा वाढत असेल व पहिले दोन शून्य असतील तर बहुधा जोडणी सदोष आहे. मात्र सी७ हा डबीच्या आंतील जोडणीचा हिशेब आहे. बाहेरील यूएसबी केबलच्या चुका त्यांत येत नाहींत. त्याच साधनांत उष्णमानही दिसतें. चैत्र-वैशाखांत पत्र्याच्या खोलींत डिस्क चालवितांना तें ५० अंशांपुढें जाऊं देऊं नये हें बरें.

दुसरी साक्ष संगणकाची. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्यें सिस्टिम या सदरांत प्रत्येक घटनेची वेळ व क्रमांक नोंदलेला असतो. १५७ हा क्रमांक म्हणजे डिस्क अकस्मात् काढली गेली. ही वाटेवरील खंडाची खूण होय. ७ म्हणजे खराब विभाग. ही चक्तीवरील कसरीची खूण. १५३ म्हणजे एकदां मागून न मिळाल्यामुळें पुन्हा मागावें लागलें. या नोंदींच्या वेळा आपल्या वहींतील वेळांशीं ताडून पाहाव्या. यवतच्या मोठ्या डिस्कवर १५७ च्या नोंदींची रांग होती, ७ ची एकही नव्हती, व ०५ आणि सी५ हे आंकडे शून्य होते. वही, डिस्क व संगणक या तीन स्वतंत्र साक्षी एकच सांगूं लागल्या म्हणजे निवाडा निःशंक होतो.

साक्ष चक्तीविरुद्ध गेली तर साधी नक्कल करणें सोडून द्यावें. लिनक्सवर चालणारें डीडीरेस्क्यू नांवाचें साधन जें सहज वाचतां येतें तें सर्व आधीं उतरून घेतें, अडलेल्या जागांची याद ठेवितें व मग त्या जागांकडे पुन्हा पुन्हा वळतें. जीर्ण मोडी कागद वाचणाराही असेंच करतो. चक्तींतून ठराविक तालावर टक्-टक् असा आवाज येत असेल, वीज पुरेशी असूनही ती लागत नसेल, आणि तिच्यावरील मजकूर दुसरीकडे नसेल, तर ती तात्काळ बंद करून तज्ज्ञ प्रयोगशाळेकडे द्यावी. तेथें खर्च पुष्कळ येतो. परंतु प्रत्येक नव्या प्रयत्नानें लेखणी चक्तीवर घासून मजकूर खरवडला जाण्याचा संभव असतो.

७. अर्धवट प्रतींचा शोध

येथवरचा विचार डिस्क सुटणें थांबविण्याचा झाला. परंतु ती जितक्या वेळां सुटली तितक्या वेळां कांहीं मजकूर अर्धवट राहिला असण्याचा संभव आहे, आणि तो शोधल्यावांचून काम पुरें झालें म्हणतां येत नाहीं.

नक्कल करतांना संगणक फाईलीची पुरी जागा डिस्कवर आधींच आंखून घेतो व मग तींत मजकूर भरतो. मध्येंच डिस्क गेली तर आंखलेली जागा तशीच राहते. नांव बरोबर, आकार बरोबर, आंत मात्र अर्धा भाग कोरा. शिवाय विंडोजमध्यें वेगाकरितां मजकूर क्षणभर स्मृतींत राखून मग डिस्कवर उतरविण्याची एक व्यवस्था आहे. २०१८ सालाच्या उत्तरार्धांतील आवृत्तीपासून बाह्य डिस्कांकरितां ती मुळांत बंद असते, परंतु जुन्या संगणकांत किंवा कोणी हेतुतः चालूं केल्यास तिच्यामुळें “झाली” म्हणून कळविलेली नक्कलही प्रत्यक्ष उतरलेली नसते. डिस्केच्या मांडणीनेंही फरक पडतो. एनटीएफएस या मांडणींत प्रत्येक फेरफाराची रोजकीर्द ठेविलेली असते. एक्सफॅटमध्यें ती नसते. म्हणून विंडोजवरच चालावयाच्या डिस्केस पहिली मांडणी बरी. पण रोजकीर्द ही मांडणीचें रक्षण करते, मजकुराचें नव्हे.

यवतच्या चार रुमालांचीं छायाचित्रें आम्हीं एकेक करून उघडलीं. ४१ छायाचित्रांत वरचा भाग कागदाचा व खालचा नुसता करडा निघाला. त्यांत एका महजराचा शेवट होता. म्हणजे साक्षीदारांचीं नांवें व निशाण्या गेल्या. स्नेही पुन्हा त्या गांवीं गेले तेव्हां घर विकलें जाऊन वाडा उतरविला होता. कागद कोणी नेले हें घरच्यांस सांगतां आलें नाहीं. डिस्क आज उत्तम चालते. त्या महजराचे साक्षीदार मात्र आतां कोणास कळण्याचा मार्ग उरलेला नाहीं.

हा प्रसंग टाळण्याचा उपाय पांच मिनिटांचा होता. प्रत्येक फाईलीवरून गणितानें एक ठसा काढतां येतो. शा-२५६ नांवाच्या रीतीनें येणारा ठसा ६४ अक्षरांचा असतो व फाईलींत एक बिंदु बदलला तरी तो सर्वस्वीं बदलतो. विंडोजमधील सर्टयूटिल हा हुकूम एकेका फाईलीचा ठसा देतो. सबंध फोल्डराचे ठसे काढून यादी करणारीं साधनेंही विनामूल्य मिळतात. कार्डांतील फाईलींचे ठसे व डिस्कवरील प्रतींचे ठसे जुळले तरच कार्ड पुसावें. पूर्वीं नक्कल झाल्यावर “रुजू” करून घेण्याची चाल होती. ही तीच चाल आहे. ठशांची यादी फोल्डरांत ठेवावी, म्हणजे दहा वर्षांनींही प्रत शुद्ध आहे कीं नाहीं हें पाहतां येतें.

८. उपसंहार

राजवाड्यांनीं १८९८ सालीं साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हांपासून छापलेल्या कागदांपैकीं ज्यांचीं मुळें पुढें नष्ट झालीं त्यांचा मजकूर आज आपल्या हातीं आहे. याचें कारण छापील प्रती अनेक गांवीं, अनेक कपाटांत गेल्या. छायाचित्रांच्या बाबतींत मात्र आपण एक प्रत एका डिस्कवर ठेवून संग्रह झाला असें मानतों. एकच असलेली प्रत ही प्रत नव्हे. मूळ गेल्यावर तीच मूळ होते, आणि तिला मुळाइतकेंच जपावें लागतें.

म्हणून तीन प्रती असाव्या. त्यांपैकीं दोन निरनिराळ्या साधनांवर व एक निराळ्या गांवीं असावी. निराळें गांव कां, याचें उत्तर पुण्याच्या लोकांस १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें तेव्हां मिळालेलें आहे. यवतची एक प्रत पुण्यास व पुण्याची एक यवतेस ठेविली तर दोहोंचें काम होतें. दर सहा महिन्यांनीं डिस्क लावून ठसे ताडून पाहावे. वर्षानुवर्षें कपाटांत पडलेली डिस्क चालूं होईलच असा भरंवसा देतां येत नाहीं.

डिस्क सुटूं लागली म्हणजे ती आपणांस वेळेवर सूचना देते असें समजावें. आधीं प्रत करावी, वही घालावी, बाहेरून आंत तपास करावा व शेवटीं प्रती रुजू करून घ्याव्या. या क्रमांत कोणतेंही पाऊल अवघड नाहीं. पावलें उलटसुलट पडलीं म्हणजे मात्र नुकसान होतें. ज्या संग्राहकांस याहून निराळीं कारणें आढळलीं असतील त्यांनीं तीं तारीखवार लिहून मंडळाकडे पाठवावीं. ज्या घरांचे कागद आपण पाहिले आहेत त्यांचीं छायाचित्रें आज संध्याकाळीं एकदां उघडून, शेवटच्या पानापर्यंत पाहावीं, एवढी विनंति करून हा लेख पुरा करतों.